लोक म्हणत व्हते, बाळसं धरलंय

वाळा निघतच न्हवता. सोनारानं माझ्या लेकीचा, गोदीचा पाय मांडीवर धरलेला, कानशीनं चांदी घासत व्हता, म्या तिचं डोकं छातीशी दाबून धरलेलं, पाय वाळ्याच्या खाली निळा पडलेला, आन् माझ्या मनात एकच, की ही रडत कामून न्हाई. कानस घसरली, कातड्याला लागली. रगत न्हाई आलं, पाण्यावानी कायतरी झिरपलं. तरी रडली न्हाई. नुसती माझ्याकडं बघत व्हती, म्हाताऱ्या माणसावानी.

वाळा तुटला. खाली पायाला गोल खाच पडलेली, बोट मावंल येवढी खोल. सोनार म्हणला, चोळ बाई, भरून येईल. म्या चोळलं. अंगठ्यानं जरा दाबलं तर अंगठ्याचा खड्डा पडला आन् तसाच ऱ्हायला. दुसरीकडं दाबलं, तिथं बी. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसं. म्या फुकर घालीत बसले, पाय भाजल्यावानी. काय करावं ते कळंना म्हणून फुकर घालीत बसले.

आत्याबाई, म्हंजे माझी सासू, दारात उभ्या व्हत्या. म्हणल्या, "पोर अंगानं भरली, म्हणून वाळा घट झाला. येवढं काय तोंड करून बसलीस?"

सोनारानं तुटका वाळा माझ्या हातात दिला. हळूच म्हणला, सडकंच्या दवाखान्यात दाखवा. आन् हत्यारं गोळा करून गेला.

म्या कोण

म्या रखमा, अणदूरला दिलेली. शाळा दुसरीपतुर, ती बी निजामाची, तिथं उर्दू असती. मराठी अक्षर मला दवाखान्यात नर्सबाईनं शिकवलं, खाटंवर, गोदी निजली की. त्याच म्हणल्या, तू बोलतेस तसंच लिही, मी व्हरांड्यात बसलेल्या बायांना वाचून दाखवीन, माझं बोलणं त्यांना कळत नाही हे आता मला कळलंय. म्हणून लिवते. मला धाप लागती. अंगात रगत कमी हाय म्हणतेत. लिवताना बी लागती, तवा कुठं तुटक वाटलं तर समजून घ्या.

औषिदाची नावं मला ठावं न्हाईत. माझ्या दोन लेकरांचं काय झालं तेवढं ठावं हाय.

वरचं

गोदी झाली तवा माझ्या अंगावर लई दूध व्हतं. पोर पेऊन पेऊन तोंडातनं गाळायची. ती बसायला लागली त्या सुमाराला गावात देवी टोचायला नर्सबाई आल्या. खंडोबाच्या देवळापुढं चिंचंखाली बसल्या. पुण्याकडच्या, लई शुद्ध बोलायच्या, आमी बाया एकमेकीकडं बघून हसायचो. टोचून झाल्यावर त्या सगळ्यांना म्हणल्या, "आता सहा महिने झाले ना, बाळाला वरचं सुरू करा. नुसत्या अंगावरच्या दुधावर भागत नाही."

आमी माना हलवल्या. कुणीच काय इचारलं न्हाई. इचारायचं काय त्यात, वरचं म्हंजे वरचं.

आमच्याकडं डाळ शिजली की गाडगं उतरून ठिवतेत. गाळ खाली बसतो आन् वर पिवळं, निवळ पाणी येतं. त्येला वरचं म्हणतेत. बीमार माणसाला वरचं द्यायचं, ताप उतरला की वरचं द्यायचं. म्या घरी येऊन सांगितलं, नर्सबाई म्हणल्या, पोरीला वरचं द्या. आत्याबाई खूश झाल्या. म्हणल्या, सरकारची बाई असून बी बरोबर बोलली, गाळ लेकराच्या पोटात दगडावानी बसतो.

त्या दिसापास्नं आत्याबाई सोता पळीनं वरचं काढायच्या. गाडग्याला धक्का लागू द्यायच्या न्हाईत. गाळाचा कण आला तर पळी परत ओतायच्या, गाळ बसंपतुर थांबायच्या, मंग काढायच्या. कुणी म्हणू ने की सासू वाईट व्हती. नातीसाठी त्या चुलीपुढं किती येळ बसायच्या, म्या बघितलंय.

तवर अंगावरचं चालू व्हतं, म्हणून पोर चांगली व्हती. मंग मला परत दिस गेले.

आमच्यात पोटुशी बाई पाजत न्हाई. म्हणतेत ते दूध पोटातल्याचं असतं, बाहेरच्यानं पेलं तर बाहेरचं झुरतं आन् आतलं बी. आत्याबाईनी कडुनिंबाचा पाला वाटला आन् माझ्या अंगाला लावला. गोदी रांगत आली. तोंड लावलं. तोंड काढलं. माझ्याकडं बघितलं, परत लावलं, तिला वाटलं असंल आपलंच कायतरी चुकलं. दोन-तीन बारी असं केलं. मंग आलीच न्हाई. माझ्या मांडीवर बसायची बी बंद झाली.

मंग नुसतं वरचं. सकाळी वरचं, दिस बुडायच्या टायमाला वरचं.

एक बारी म्या दुधात भाकर कुस्करली. घरी गाय व्हती, तिच्या दुधाचं तूप व्हायचं आन् ते माझ्या मालकाला सोलापूरला जायचं, ते तिथं गिरणीत व्हते. आत्याबाईनी वाटी बघितली. म्हणल्या, "दात किती हायेत तिला? मोज बरं." चार व्हते. म्हणल्या, "चार दातानं भाकर चावती व्हय तुझी लेक?" म्या भाकर कुत्र्याला टाकली.

बाळसं

आदी पोर वाळली. मंग भरायला लागली. हे असं कसं, ते मला कळलं न्हाई, पर भरती म्हणल्यावर कोण इचारतं. गाल गोल झाले, पाय गुबगुबीत झाले, हातावर वळ्या आल्या. काळी पोर, ती उजळ दिसाया लागली. केस काळे व्हते, ते तांबडे झाले, उन्हात सोन्यावानी दिसायचे. आन् लई गरीब झाली. बसवलं तिथं बसायची. रडणं न्हाई, मागणं न्हाई.

शेजारची मल्लवा, कानडी बोलणारी, दारातनं जाताना थांबायची आन् म्हणायची, "गुंडगे आग्याळ नोड री." गोल गोल झाली बघा, असं. मीठ-मोहऱ्या हातात घिऊन आत्याबाई रोज दिष्ट काढायच्या. खंडोबाच्या जत्रंत पै-पाव्हण्यातल्या बाया गोदीला घिऊन गाल वढायच्या आन् इचारायच्या, काय खायाला घालता हो हिला? आत्याबाई म्हणायच्या, "वरचं."

त्या बाया घरी जाऊन आपल्या लेकराला काय देत असतील, ह्याचा म्या आता इचार करते. तवा मला नुसतं बरं वाटायचं. माझी लेक, लोक बघतेत, असं वाटायचं.

मंग पायातला वाळा रुतला.

पयला दिस

सडकंचा दवाखाना नळदुर्गाच्या वाटंवर. मल्लवाच्या घरची गाडी घेतली. म्या पोटुशी, सातवा सरत आलेला, गाडीत बसून बी धाप लागत व्हती. वाटंत आत्याबाई म्हणल्या, सूज-बीज काय न्हाई, वाळा लहान व्हता.

तिथं डाक्टरसाब व्हते, उर्दू बोलणारे. त्यांनी गोदीच्या पायावर बोट दाबलं, उचललं, खड्ड्याकडं बघत बसले. डोळ्याची पापणी वढली. केसाची एक बट धरली आन् हलकं वढलं, तर बट हातात आली, पोरीला कळलं बी न्हाई. मंग आत्याबाईकडं बघून म्हणले, "ये बच्ची मोटी नई है अम्मा. भूकी है."

आत्याबाईनी मला इचारलं, काय म्हणतेत?

म्या उर्दू शिकलेली. त्या दिशी वाटलं, शिकले नसते तर बरं झालं असतं. म्या सांगितलं, पोर उपाशी हाय म्हणतेत.

आत्याबाईचं तोंड असं झालं की कुणी चारचौघात थोबाडीत मारावी. म्हणल्या, लेव्हीत सरकारनं ज्वारी नेली तरी माझ्या घरात कुणी उपाशी निजलं न्हाई. डाळीची कणगी भरलेली हाय, यावं आन् बघावं. आन् पदर तोंडाला लावून भाईर जाऊन बसल्या.

मंग नर्सबाई आल्या. त्याच, चिंचंखालच्या. मला वळखलं न्हाई, म्या वळखलं. त्यांनी इचारलं, काय देत होतीस खायला?

म्हणलं, वरचं.

"वरचं म्हणजे काय काय?"

म्हणलं, वरचं, डाळीचं वरचं. पळीनं काढून. गाळ येऊ दिला न्हाई बाई, एक कण बी न्हाई.

मंग म्हणल्या, "पाणी? नुसतं पाणी? कुणी सांगितलं तुला?"

म्हणलं, तुमीच.

त्या खाटंवर बसल्या. मंग माझ्याकडं न बघता म्हणल्या, अगं, वरचं म्हणजे दुधाच्या वर आणखी. भात, भाकरी, वरण, गाळासकट. वर म्हणजे जास्तीचं. आन् परत म्हणल्या, मी नुसतं ‘गाळ’ म्हणाले असते तर झालं असतं.

येवढंच. एका शब्दावर माझ्या लेकीचा जीव व्हता, आन् त्या शब्दाचा अर्थ दोघीला दोन लागला.

खाट

दवाखान्यातलं एक सांगते, कुणाला असं झालं तर भ्याऊ नका. खाऊ घालणं सोपं वाटतं. सोपं न्हाई. उपाशी लेकरू खात न्हाई. गोदीच्या तोंडात फोड आलेले, वठ फाटलेले, चमचा जवळ नेला की ती मान फिरवायची. दुधात साखर आन् जरा त्याल घालून द्यायचे, चमचा चमचा, पोपटाला पाजावं तसं. एक चमचा गिळंपतुर म्या घामाघूम. गिळलं तर वकायची. वकली की नर्सबाई म्हणायच्या, पूस आन् पुन्हा दे. मला राग यायचा. एक बारी म्या म्हणलं, मरू द्या की तिला सुखानं. त्या म्हणल्या, बरं, पण आधी हा चमचा.

पायाचं कातडं कांद्यावानी सुटायचं. खालची जागा लाल, वली. दिसभर माशा हाणायच्या, चमचा द्यायचा, वकलेलं पुसायचं. शेजारच्या खाटंवर येरमाळ्याकडची एक बाई व्हती, तिचं लेकरू असंच सुजून आलेलं. ती मला म्हणायची, तुझं बरं हाय, तुझं गिळतं तरी. मंग एक दिस तिची खाट मोकळी झाली. जाताना तिनं मला तिचा चमचा दिला, लहान तोंडाचा व्हता. म्हणली, घे, मला आता कशाला.

त्याच चमच्यानं गोदी खायला लागली. पयल्यांदा मुगाच्या डाळीचा गाळ. मंग भाकर बारीक कुस्करून. मंग भाजलेले शेंगदाणे कुटून, गुळात मळून, बोटावर. एक दिस म्या तिच्या तोंडापुढनं वाटी बाजूला केली, पुसायला, आन् गोदी रडली. मोठ्यानं रडली, वाटीकडं हात करून. नर्सबाई तिकडनं पळत आल्या, काय झालं म्हणून. बघितलं आन् हसाया लागल्या. म्या पण. आमी दोघी हसत व्हतो आन् पोर रडत व्हती, किती दिसानं.

गोदी कुठं हाय

आता ऐका, हे कुणी सांगत न्हाई. लेकरू बरं व्हायला लागलं की वंगाळ दिसतं. सूज उतरली तशी गोदी संपत गेली. गाल गेले, वळ्या गेल्या. सुजंच्या आत जी माझी खरी लेक व्हती ती भाईर आली, आन् ती नुसती हाडं व्हती. बरगड्या, गुडघे, येवढे येवढे डोळे. पर ती खात व्हती, रडत व्हती, चमचा माझ्या हातातनं वढत व्हती.

बाजाराच्या दिशी आत्याबाई आल्या. डब्यात वरचं घिऊन. खाटंपुढं उभ्या ऱ्हायल्या, गोदीकडं बघितलं, आन् मला म्हणल्या, "गोदी कुठं हाय?"

म्हणलं, ही काय.

त्यांनी परत बघितलं. डबा खाली ठिवला. म्हणल्या, म्या भरलेलं लेकरू दिलं व्हतं. हे काय करून ठिवलंय तुमी तिचं. नर्सबाईनी समजावून सांगितलं, पायावर बोट दाबून दाखवलं, बघा, आता खड्डा पडत नाही. आत्याबाई ऐकतच न्हवत्या. त्या सारख्या गोदीच्या गालाला हात लावायच्या, जिथं गाल व्हता तिथं. म्हणल्या, आमच्या घरात सगळी लेकरं वरच्यावरच वाढली. म्या मनात म्हणलं, वाढलं ते एक, माझे मालक. बाकीची वढ्याकाठी पुरलीत, ते तुमीच सांगितलंय. तोंडानं न्हाई म्हणलं. त्यांच्या डोळ्याला पाणी आलं व्हतं.

त्या दिसापास्नं आत्याबाईच्या मनात बसलं, की दवाखान्यात लेकरं वाळतेत.

पाचवी

त्याच दवाखान्यात माझी जचगी झाली. ल्योक झाला. नर्सबाईनी त्येला लगीच अंगाला लावला. आमच्यात पयला चीक पिळून टाकतेत. त्या म्हणल्या, टाकलास तर बघ, हाच खरा खुराक. तो चपाचप पेला. म्या वरनं बघत व्हते, टाळू उडत व्हती, कानावर लव व्हती.

पर तेवढ्या येळात गोदीनं खाणं सोडलं. म्या कळा देत व्हते तवा नर्सबाईनी चमचा धरला, दवाखान्यातल्या आयानं धरला, गोदीनं तोंड मिटून घेतलं. दुसऱ्या दिशी तिच्या पायाला परत जरा सूज दिसली. म्या वली बाळंतीण, उठून बसले आन् माझ्या हातानं दिलं, तवा तिनं तोंड उघडलं.

पाचवीच्या आदल्या दिशी गाडी आली. आत्याबाई आन् माझे मालक, सोलापूरनं सुट्टी घिऊन आलेले. मालकांनी ल्योकाला हातात घेतलं. गोदीकडं बघितलं आन् नजर काढून घेतली.

आत्याबाई म्हणल्या, सटवी घरात पुजायची असती, ती काय दवाखान्यात येणार न्हाई नशीब लिवायला. आन् मंग खरं बोलल्या. म्हणल्या, "एक नात इथं वाळवली. नातू न्हाई ठिवणार."

म्हणल्या, तू बी चल. गोदीला बी घे, म्या चार दिसात परत भरवून दावते. हे ऐकून म्या गोदीला मागं वढलं. त्या प्रेमानं बोलत व्हत्या.

नर्सबाई म्हणल्या, आता नेली तर पोर रस्तासुद्धा काढणार नाही. आन् ही गेली तर पोर दुसऱ्याच्या हातचं खात नाही. बाळ इथंच राहू द्या, आईच्या अंगावर. आत्याबाई म्हणल्या, मल्लवाच्या अंगावर दूध हाय, तिनं कबूल केलंय, तोवर ती पाजील, आमाला काय कळत न्हाई व्हय.

म्या मालकांच्या तोंडाकडं बघितलं. ते भिंतीकडं बघून म्हणले, "पोरीचं मागनं बघू. पाचवी एकदाच येती."

ल्योक माझ्या मांडीवर व्हता. एका अंगाला पेला व्हता, दुसऱ्या अंगाला घ्यायचा व्हता. गोदीनं मागनं माझा पदर धरलेला. मला उभं ऱ्हायाला धाप लागत व्हती. म्या म्हणलं, म्या ऱ्हाते. बाळाला बी ऱ्हाऊ द्या. पयलं त्यांनी ऐकलं, दुसरं न्हाई ऐकलं. आत्याबाईनी त्येला उचललं. त्येच्या वठाला दूध लागलेलं व्हतं, ते त्यांनी पदरानं पुसलं.

गाडी गेली तसा माझ्या अंगाला पान्हा फुटला. झंपर भिजला. नर्सबाई म्हणल्या, वाया घालवू नकोस, गोदीला दे.

म्या गोदीला जवळ घेतलं. तिनं वठ टेकवले आन् लगीच मागं घेतले. माझ्याकडं बघितलं. तिला कडुनिंब आठवत व्हता. म्या म्हणलं, न्हाई गं, कडू न्हाई. परत टेकवले. मंग पेली. डोळे उघडे ठिवून पेली.

निरोप

गोदी चढत्या पायरीनं सुधारली. खाटंला धरून उभी ऱ्हायला लागली. मला रोज वाटायचं, आता दोन दिसात जाऊ.

एका बाजारी मल्लवाचा दीर गाडी घिऊन सोलापूरकडं चालला व्हता, तो उतरला. म्हणला, वहिनीचं लेकरू गोवरानं पडलंय, घरात गोवर असताना दुसऱ्याचं लेकरू कसं घ्यायचं, म्हणून तुमच्या बाळाचं पाजणं बंद झालंय. पर तुमच्या सासूबाईनी सांगितलंय, फिकर करू नको. ल्योकाला वरचं सुरू केलंय. बोंडल्यानं पितो, मजेत हाय.

वरचं.

म्या अनवाणी सडकंवर पळाले. त्या गड्याला कळंना मला काय झालं. बाभळीपतुर गेले, छातीत भाता फुटल्यावानी झालं, आन् डोळ्यापुढं काळं आलं. मला उचलून आणलं. शुद्धीवर आले तवा गोदी माझ्या अंगाला लागलेली, पीत व्हती.

म्या उलटा निरोप धाडला, पाया पडते, ल्योकाला माझ्याकडं आणा. नर्सबाईनी सोता चिठ्ठी लिवली, ती गावात कुणी वाचली, कशी वाचली, ठावं न्हाई. आत्याबाईला येवढंच कळलं, की दवाखाना नातू मागतोय. त्यांनी न्हाई आणला. मालक परत गिरणीत गेले व्हते. मला तापानं धरलं. उठून बसले की खाट फिरायची.

सव्वा महिना झाला तवा आत्याबाई सोता आल्या. हसत आल्या. कुंचीत गुंडाळलेला ल्योक माझ्या मांडीवर ठिवला आन् म्हणल्या, "बघ. तुमच्या दवाखान्यानं वाळवलं, म्या भरवलं. कसं बाळसं धरलंय."

गाल गोल व्हते. उजळ व्हता. रडत न्हवता. पायात चांदीचा वाळा व्हता, गोदीचाच, सोनाराकडनं लहान करून, सांधून आणलेला. तो घट बसला व्हता.

म्या वाळ्याच्या वर अंगठा टेकवला. दाबला. उचलायचं धाडस व्हईना. आत्याबाई इचारत व्हत्या, काय बघतीस गं, काय बघतीस. म्या अंगठा उचलला, आन् आमी दोघीनी बघितलं.

त्येला वढायची ताकद न्हवती. म्या पिळून त्येच्या तोंडात थेंब सोडले, ते वठाच्या कडंनं भाईर आले. नर्सबाई, डाक्टरसाब, सगळे व्हते, कुणी काय कमी केलं न्हाई. गोदी खाटंला धरून उभी व्हती आन् तिच्या भावाकडं बोट करून दूध मागत व्हती, तिला भूक लागली व्हती. दुसऱ्या दिशी सकाळच्या पारी तो गेला. त्येचं नाव ठिवायचं ऱ्हायलं व्हतं.

वाळा डाक्टरसाबनं कापला. सोनारापतुर जायला येळ न्हवता.

आता

गोदी आता पळती. तिचे केस परत काळे झालेत. आत्याबाई गल्लीत सांगतेत, हिनं ल्योकाचं दूध लेकीला पाजलं. ते खोटं न्हाई. मालक माझ्याशी कामापुरतं बोलतेत. पर डाळ शिजली की आत्याबाई न बोलता पळी तळाला घालतेत, गाळ काढून गोदीच्या ताटलीत वाढतेत, आन् वरचं सोता पितेत.

बायांनो, व्हरांड्यात बसलेल्या, तुमाला कुणी वरचं द्या म्हणलं तर इचारा, म्हंजे काय. लाजू नका. गाळ द्या, भाकर कुस्करून द्या, चार दात असले तरी द्या. अंगावरचं तोडू नका, पोटुशी असला तरी. आन् लेकरू लई गरीब झालं, रडंना झालं, आन् लोक बाळसं म्हणाया लागले, तर एकदा त्येच्या पायावर बोट दाबा. भ्याऊन अंगठा तसाच ठिवू नका, लगीच उचला.

हे सगळं मला येतं आता. येक तेवढं येत न्हाई. नर्सबाईला बी येत न्हाई. म्हणून तुमाला इचारते. गाडी दारात उभी हाय, बैल जुपलेत. मांडीवर ल्योक हाय, त्येचं अर्धं पेणं ऱ्हायलंय. मागनं लेकीनं पदर धरलाय, ती तुमच्याच हातचं खाती. आन् आई एकच हाय. तुमी काय केलं असतं?